कमांड मॉडेल लिहितं, एंटर आपण मारायचा

टारची फाइल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) उलगडायची म्हटली की पर्यायांचा क्रम आठवत नाही. फाइली शोधणाऱ्या फाइंडमधलं दिवसांचं गणित दर वेळी नव्याने तपासावं लागतं. व्हिडिओ-ऑडिओचं रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगची कमांड तर सहसा कुणालाच तोंडपाठ नसते. वर्षानुवर्षं टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बसणाऱ्यांचंही हेच असतं. म्हणून "या फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या दहा फाइली दाखव" असं साध्या इंग्रजीत लिहावं आणि कमांड तयार मिळावी, ही सोय हवीशी वाटते. ती बाहेरच्या सेवेकडून न घेता आपल्याच मशीनवरच्या भाषा-मॉडेलकडून घ्यायला दोन कारणं पुरेशी आहेत. टर्मिनलवर जे टाइप होतं त्यात सर्व्हरची नावं, पाथ, कधीकधी पासवर्डही असतात. आणि नेट दुरुस्त करायची कमांड हवी असते ती नेमकी नेट बंद पडल्यावरच.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

सुरुवातीला वाटलं होतं की चांगलं मॉडेल निवडलं की काम झालं. मॉडेल एका बैठकीत चालू झालं. बाकीचा सगळा वेळ गेला तो त्याला आधी काय सांगायचं आणि त्याने दिलेलं नंतर कसं तपासायचं, यात.

मॉडेल आपल्या मशीनवर चालवायला लामा.सीपीपी किंवा ओलामा, दोन्हीपैकी कोणतंही सॉफ्टवेअर चालतं. आम्ही क्वेन २.५ कोडर या मॉडेलच्या दोन आकारांवर काम केलं: १.५ अब्ज आणि ७ अब्ज पॅरामीटर (मॉडेलने शिकलेले आकडे). क्यू४_के_एम प्रकारच्या क्वांटायझेशनमध्ये (आकडे कमी बिटांत साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक पॅरामीटरला सरासरी पाच बिटांच्या आतच जागा लागते, त्यामुळे धाकटं साधारण १ जीबीत बसतं आणि थोरलं ४.७ जीबीत. घेताना इन्स्ट्रक्ट, म्हणजे सूचना पाळायला शिकवलेली, आवृत्तीच घ्यायची. बेस आवृत्तीला विनंती दिली की ती उत्तर देण्याऐवजी विनंतीच पुढे लिहीत सुटते.

वेगाचा हिशेब कागदावरच करता येतो. एक टोकन (शब्दाचा तुकडा) काढायला मॉडेलचे सगळे पॅरामीटर मेमरीतून एकदा वाचावे लागतात. दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० मेमरीची कमाल गती सेकंदाला ५१.२ जीबी. तिला ४.७ ने भागलं की सेकंदाला फार तर ११ टोकन, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. साधी कमांड तीसेक टोकनची असते, म्हणजे तीन-चार सेकंदांचं काम. पण मॉडेलने कमांडीखाली दोनशे टोकनचं स्पष्टीकरण लिहायला घेतलं तर वीस सेकंद नुसतं बघत बसायचं. म्हणून स्पष्टीकरण मागायचंच नाही. उत्तराआधी लांबलचक विचार लिहून काढणारी मॉडेलं याच कारणाने इथे नकोत. ग्राफिक्स कार्ड असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

ओलामा पाच मिनिटं काही काम आलं नाही की मॉडेल मेमरीतून उतरवून ठेवतं, आणि पुढची विनंती आली की डिस्कवरून पुन्हा चढवतं. टर्मिनलवर माणूस दहा-पंधरा मिनिटांनी एकदा विचारतो, त्यामुळे प्रत्येक वेळी हा उशीर वाट्याला येतो. ही मुदत ठरवणारा कीप_अलाइव्ह वाढवून अर्धा तास केला की हा त्रास संपतो. त्या बदल्यात तेवढी मेमरी अडकून राहते, हे मात्र धरून चालायचं.

पहिली विनंती काहीच न सांगता दिली. उत्तरात काय आलं? "ही घ्या कमांड" अशा अर्थाचं एक वाक्य, मग तीन बॅकटिक (उलटी एकेरी अवतरणचिन्हं) आणि बॅश हा शब्द, मग कमांड, पुन्हा तीन बॅकटिक, आणि खाली तीन परिच्छेद. हे जसंच्या तसं टर्मिनलवर चिकटवणं दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. शेलसाठी, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, बॅकटिक म्हणजे "आतली कमांड चालव आणि तिचं आउटपुट इथे ठेव". तिनांपैकी पहिल्या दोन बॅकटिकांची रिकामी जोडी होते, तिसरी उघडी राहते आणि तिला जोडीदार भेटतो थेट खालच्या तिनांमध्ये. म्हणजे मधली कमांड तर चालतेच, शिवाय तिचं आउटपुटही कमांड समजून चालवायचा प्रयत्न होतो.

यावर सरळ उपाय दिसतो तो जेसनचा, म्हणजे ठरावीक मांडणीत उत्तर मागण्याचा. ओलामाला फॉरमॅटमध्ये स्कीमा (मांडणीचा साचा) दिला की मॉडेल ठरलेल्या साच्याबाहेर जाऊच शकत नाही. आम्हीही तोच धरला आणि नंतर सोडला. कारण आहे बॅकस्लॅश. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये अख्खा शब्द शोधताना `\बी` लिहितात, आणि जेसनमध्ये `\बी` म्हणजे बॅकस्पेस. तिथे दोन बॅकस्लॅश लागतात, पण छोटं मॉडेल अनेकदा एकच देतं. साचा तक्रार करत नाही, कारण जेसन म्हणून ते बरोबरच असतं. बाहेर येणाऱ्या कमांडीत मात्र शब्दाच्या दोन्ही बाजूंना न दिसणारी बॅकस्पेसची अक्षरं बसलेली असतात. ग्रेप इमानदारीने शोधतं आणि काहीच सापडत नाही म्हणून सांगतं. `\टी`चं टॅब आणि `\एन`ची नवी ओळ होते, तोही याच घोळाचा भाग. रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना) हे तर या साधनाचं रोजचं गिऱ्हाईक.

मग मॉडेलची खोडच कामाला लावली. त्याला तीन बॅकटिकांची सवय आहे ना, मग उत्तराची सुरुवात आपणच तीन बॅकटिक आणि बॅश अशी लिहून द्यायची, आणि पुढचे तीन बॅकटिक दिसले की थांब, असं स्टॉपमध्ये सांगायचं. मॉडेलला वाटतं की प्रस्तावना होऊन गेली, आणि ते थेट कमांड लिहितं. यासाठी ओलामाचा रॉ मोड वापरला, जो आपला मजकूर जसाच्या तसा मॉडेलकडे नेतो. त्यात मॉडेलचा चॅट टेम्प्लेट (संभाषण मांडायच्या खुणांचा साचा) हाताने लिहावा लागतो आणि त्यातली एखादी खूण चुकली तर एरर येत नाही, मॉडेल नुसतं मठ्ठ होतं. उत्तरं अचानक बिघडली तर आधी टेम्प्लेट बघायचा, मॉडेलला नंतर दोष द्यायचा.

उत्तरात दुसरी ओळ आली तर ती फेकू नये. अर्धी कापलेली कमांड ही वेगळीच कमांड असते. अशा वेळी सगळ्या ओळी नुसत्या दाखवायच्या आणि टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या ओळीवर) काहीच ठेवायचं नाही.

ओलामाकडे जाताना विनंतीचं जेसन मात्र आपल्यालाच बनवावं लागतं, आणि तिथे इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी आडवा येतो. शेलच्या एकेरी अवतरणात तो आला की अवतरण मध्येच बंद होतं. विनंती थेट मजकुरात न चिकटवता जेसन हाताळणाऱ्या जेक्यूच्या `--आर्ग`मधून दिली की हा प्रश्न राहत नाही.

आता मॉडेलला मशीनबद्दल काय सांगायचं ते. नुसतं विचारलं की मॉडेल लिनक्स धरून लिहितं, कारण शिकताना त्याने तेच जास्त वाचलेलं असतं. मॅकवर सेड (मजकूर बदलणारं), डेट, स्टॅट ही सगळी साधनं बीएसडी या युनिक्सच्या वेगळ्या घराण्यातली. लिनक्सवर `सेड -आय 'एस/जुनं/नवं/' फाइल` सरळ चालतं. मॅकवरचं सेड `-आय`च्या पुढचा तुकडा बॅकअप फाइलचा प्रत्यय समजतं आणि फाइलच्या नावालाच सेडची आज्ञा समजून वाचायला घेतं. तिथे `-आय ''` असं रिकामं अवतरण द्यावं लागतं. कालची तारीख लिनक्सवर `डेट -डी`ने मिळते, मॅकवर `डेट -व्ही-१डी`ने. ग्रेपचा `-पी` आणि फाइंडचा `-प्रिंटएफ` मॅकवर नाहीतच.

"हे मॅक आहे" एवढं एक वाक्य मॉडेलच्या प्रॉम्प्टमध्ये (त्याला पाठवायच्या मजकुरात) लिहून भागत नाही. मोठं मॉडेल ते बऱ्याचदा लक्षात ठेवतं, धाकटं दोन विनंत्यांनी विसरल्यासारखं करतं. उपयोग झाला तो उदाहरणांचा. त्याच मशीनवर चालणाऱ्या पाच-सहा विनंत्या आणि त्यांच्या कमांडी प्रॉम्प्टमध्ये दिल्या की मॉडेल तीच बोली उचलतं. उदाहरणं मात्र एकमेकांपासून लांबची हवीत. तिनांमध्ये `*.लॉग` असेल तर न मागताही उत्तरात `*.लॉग` उगवतं.

प्रॉम्प्टमधला क्रमही महत्त्वाचा आहे. आधीच्या विनंतीशी जितका मजकूर सुरुवातीपासून जुळतो तितका सर्व्हर पुन्हा मोजत नाही. म्हणून न बदलणारं सगळं वर: नियम, शेलचं नाव आणि आवृत्ती, मशीनवर असलेली साधनं, उदाहरणं. चालू फोल्डर आणि विनंती अगदी शेवटी. पहिल्याच ओळीत वेळ किंवा फोल्डर लिहिलं तर दर वेळी सगळा प्रॉम्प्ट नव्याने मोजला जातो, आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय ते चांगलंच जाणवतं. नम_सीटीएक्स, म्हणजे कॉन्टेक्स्टचा (मॉडेल एका वेळी वाचतं त्या मजकुराचा) आकारही स्वतः ठरवून द्यावा. प्रॉम्प्ट कॉन्टेक्स्टमध्ये मावला नाही तर मॉडेलपर्यंत तो पूर्ण पोचत नाही, आणि उत्तर पाहून ते कळत नाही.

फोल्डरमधल्या फाइलींची यादी पाठवावी का? नावं बरोबर येतात हा फायदा खरा. पण फाइलींची नावं दुसऱ्या कुणीही दिलेली असू शकतात, आणि मॉडेलसाठी तो सूचनांसारखाच मजकूर असतो. आम्ही यादी आपोआप पाठवत नाही. विनंतीत वेगळी खूण केली तरच पहिली तीस नावं जातात.

एवढं झालं की कमांड बऱ्यापैकी येऊ लागतात, आणि खरी सावधगिरी तिथून सुरू होते. अस्तित्वातच नसलेला पर्याय असला की कमांड एरर देऊन थांबते आणि काही बिघडत नाही. काळजी करायची ती निमूट चालणाऱ्या चुकीच्या कमांडीची. विनंती घ्या: आठवड्यापेक्षा जुन्या लॉग फाइली काढून टाक. उत्तर असं हवं:

`फाइंड . -टाइप एफ -नेम "*.लॉग" -एमटाइम +७ -डिलीट`

फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. `-डिलीट` शेवटी आहे म्हणून आधीच्या तिन्ही अटींतून पार पडलेलीच फाइल जाते. हाच शब्द पुढे सरकून `फाइंड . -डिलीट -नेम "*.लॉग"` झाला तर? प्रत्येक फाइल आधी काढली जाते आणि मग तिचं नाव तपासलं जातं. फोल्डर रिकामं होतं. व्याकरण शुद्ध आहे, एरर कसलाही नाही, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

बरोबर क्रमाच्या ओळीतही खाचखळगे आहेतच. `+७` म्हणजे सात दिवसांपेक्षा जुनी असं वाटतं. लिनक्सवरचं फाइंड मात्र फाइलचं वय २४ तासांनी भागतं, अपूर्णांक सोडून देतं आणि मग सातपेक्षा जास्त आहे का ते बघतं. सात दिवस वीस तासांची फाइल त्यात बसत नाही, पूर्ण आठ दिवस व्हावे लागतात. "सात दिवसांपेक्षा जुनी" याचा शब्दशः अर्थ घेतला तर `+६` हवं. आकाराचं गणित याच्या उलट, वरच्या दिशेने धावतं. `-साइझ -१एम` म्हणजे एक एमबीपेक्षा लहान असं कुणीही म्हणेल, पण लिनक्सवर आकार आधी पुढच्या पूर्ण एमबीपर्यंत वाढवला जातो, त्यामुळे एक बाइटची फाइलही "१" ठरते आणि या अटीत फक्त रिकाम्या फाइली सापडतात. आणि `*.लॉग`भोवतीचं अवतरण गळलं तर चांदणीचा विस्तार फाइंडच्या आधी शेलच करून टाकतं.

सगळ्यात मोठ्या दहा गोष्टी मागितल्या की `डीयू -एसएच * | सॉर्ट -एन | टेल` येतं. `सॉर्ट -एन` फक्त आकडा बघतं, त्यामुळे ९००के हे २जीच्या वर चढून बसतं. तिथे `सॉर्ट -एच` लागतं. शिवाय `*` मध्ये टिंबाने सुरू होणारी नावं येतच नाहीत, आणि जागा खाणारी कॅश बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

म्हणून नियम एकच ठेवला: मॉडेलची कमांड परस्पर चालत नाही, टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर लिहिलेली येऊन थांबते. झेडशेल या शेलमध्ये हे सोपं आहे. विजेट (कळ दाबली की चालणारं फंक्शन) लिहायचं, टाइप केलेलं वाक्य `बफर` या चलातून उचलायचं, मॉडेलकडे पाठवायचं आणि उत्तर त्याच चलात परत ठेवायचं. बॅशमध्ये `बाइंड -एक्स` आणि `रीडलाइन_लाइन` हे चल आहे, पण ते बॅश ४ पासून. मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ वरच आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. कमांड प्रॉम्प्टवर ठेवण्याचा आणखी एक फायदा होतो. वेगळ्या स्क्रिप्टने `सीडी` (फोल्डर बदलायची कमांड) चालवलं तर फोल्डर त्या स्क्रिप्टपुरतंच बदलतं, आपलं शेल जागचं हलत नाही. प्रॉम्प्टवर आलेली `सीडी` मात्र आपलंच शेल चालवतं.

मूळ इंग्रजी वाक्य पुसलं जाऊ नये म्हणून ते `#` लावून हिस्टरीत टाकतो. झेडशेल टर्मिनलवर टाइप केलेल्या ओळीतलं `#` मुळात टिप्पणी मानत नाही, त्यासाठी `सेटऑप्ट इंटरॅक्टिव्ह_कॉमेंट्स` करावं लागतं. ते राहिलं आणि जुनी ओळ वर आणून एंटर मारला तर अख्खं वाक्य कमांड म्हणून चालायला जातं.

प्रॉम्प्टवर येण्याआधी थोडी चाळणी लावली आहे. `बॅश -एन` फक्त व्याकरण बघतं, अर्थ नाही. त्यातून उघडी राहिलेली अवतरणं सापडतात, बाकी फार अपेक्षा नाही. पहिला शब्द मशीनवर आहे का ते `कमांड -व्ही`ने कळतं. दोन डॅशचे लांब पर्याय मॅन पानात (कमांडीच्या माहितीपानात) शोधले की मॉडेलने मनाने रचलेले बरेचसे उघडे पडतात. न दिसणारी नियंत्रण-अक्षरं काढून टाकतो. वळणदार अवतरणचिन्हं सापडली तर बदलत नाही, दाखवतो. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) असेल तर काढतो, हवं असेल त्याने हाताने लिहावं.

धोकादायक शब्दांची यादी आम्हीही केली: आरएम, डीडी, एमकेएफएस, `>`. तिच्यावर विसंबून राहता येत नाही. `फाइंड -डिलीट`, `आरसिंक --डिलीट`, `गिट क्लीन -एफडीएक्स`, ट्रंकेट, आणि दुसऱ्या फाइलवर बिनबोभाट लिहिणारं एमव्ही, हे सगळे त्या यादीतून निसटले. आता ती यादी ओळ लाल करण्यापुरतीच आहे. खरा फरक पडला तो उदाहरणं बदलल्याने. काढून टाकायच्या प्रत्येक विनंतीचं उत्तर उदाहरणात `-प्रिंट`चं ठेवलं, आरसिंक आणि गिट क्लीनला `-एन` जोडलं. आता "काढून टाक" म्हटलं तरी आधी यादी दिसते. ती नजरेखालून घालायची, बाण दाबून ओळ परत आणायची आणि `-प्रिंट`च्या जागी `-डिलीट` हाताने लिहायचं.

अस्पष्ट विनंतीला "समजलं नाही" असं म्हणणं छोट्या मॉडेलला जमत नाही, काहीतरी देतंच. म्हणून एका उदाहरणाचं उत्तर `#` ने सुरू होणारं ठेवलं, ज्यात काय कळलं नाही ते लिहिलेलं आहे. थोरलं मॉडेल ते बऱ्यापैकी पाळतं. धाकटं एकतर विसरतं, नाहीतर सोप्या विनंतीलाही तेच फेकतं. मराठीतून विचारून पाहायचा मोह होतो, पण देवनागरी शब्दाचे बरेच तुकडे पडतात आणि एवढ्या लहान मॉडेलला आशयही नीट लागत नाही. मोडकंतोडकं इंग्रजी त्याहून परवडतं.

टेम्परेचर (उत्तर किती बदलतं राहावं ते ठरवणारा आकडा) शून्य ठेवलं की तीच विनंती सहसा तेच उत्तर देते, आणि मग चुका पकडता येतात. एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मुद्दाम वाईट फाइली मांडल्या: नावात जागा असलेली, डॅशने सुरू होणारी, नावातच नवी ओळ असलेली, आणि टच (फाइलची वेळ बदलणारी कमांड) वापरून सात दिवस वीस तास जुनी केलेली. प्रॉम्प्ट बदलला की सगळ्या विनंत्या तिथे चालवायच्या आणि शेवटी कोणत्या फाइली उरल्या ते बघायचं. कमांडीचा मजकूर जुळवत बसण्यात अर्थ नाही, कारण एकाच कामाच्या पाच बरोबर कमांड असू शकतात. जागा असलेल्या नावावर `एलएस | एक्सआर्ग्स आरएम` दर वेळी सापडतं. तिथे `-प्रिंट०` आणि `-०` यांची जोडीच हवी.

ओलामाचा सर्व्हर मुळात १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त आपल्याच मशीनसाठी, ११४३४ पोर्टवर ऐकतो आणि पासवर्ड विचारत नाही. दुसऱ्या मशीनवरून वापरायचा म्हणून ओलामा_होस्ट ०.०.०.० केलं की नेटवर्कवरच्या कुणालाही तो मोकळा. त्यापेक्षा एसएसएचचा बोगदा (दोन मशीनमधली सुरक्षित जोडणी) बरा.

साठवलेल्या विनंत्या मधूनमधून चाळतो. त्याच त्याच येणाऱ्यांच्या तपासलेल्या कमांडी शेलच्या अलियासमध्ये (कमांडींच्या आखूड टोपणनावांत) गेल्या, त्यांच्यासाठी आता मॉडेल लागत नाही. मॉडेलकडे उरलं ते बहुतेक एफएफएमपेग, जेक्यू आणि ऑक (मजकुराच्या ओळी-रकाने हाताळणारं साधन). पैकी ऑकच्या कमांडी अजूनही दोनदा वाचाव्या लागतात.